काडीवरचे केक

"जमत नाय ओ ताई," असं म्हणून ते काडी खिडकीच्या उजेडात धरायचे. काडीच्या टोकाला लिंबाएवढा चॉकलेटचा गोळा असायचा आणि त्या गोळ्याला वरपासून खालपर्यंत तडा गेलेला असायचा. समोरच्याला तो नीट दिसावा म्हणून ते काडी दोन बोटांत सावकाश फिरवत. "बघा, परत फुटला. आपल्याला जमत नाय म्हंजे नाय." मी हातभर अंतरावर उभी असले तरी आवाज समोरच्या बिल्डिंगला ऐकू जाईल असा, आणि तोंड माझ्याकडे नव्हे, आतल्या खोलीच्या दाराकडे.

ते आमच्या समोरच्या ब्लॉकमधले काका. खांदेश्वरच्या आमच्या मजल्यावर दोनच दारं, एक आमचं आणि एक त्यांचं. काका मूळचे शिरवण्याचे, बोलण्यात अजून गाव होतं. काकू मुंबईत वाढलेल्या. मूलबाळ नव्हतं. सुरुवातीची काही वर्षं मला काकूच ठाऊक होत्या. काका कधी दिसले तर मान हलवायचे, बस. असतात काही माणसं अबोल, असं म्हणून मी तो विषय सोडून दिला होता. बेलापूरच्या ऑफिसातून घरी येईपर्यंत दुसऱ्याच्या नवऱ्याचा विचार करण्याइतकं त्राण माझ्यात उरत नसे.

काकू घरी केक पॉप करायच्या. ज्यांनी पाहिले नसतील त्यांच्यासाठी सांगते. केक भाजायचा आणि चांगला भाजलेला तो केक हातानं कुस्करून टाकायचा. त्या चुऱ्यात थोडं कंडेन्स्ड मिल्क घालून लाडवासारखे लहान गोळे वळायचे, त्यांना कागदाची काडी खोचायची आणि वितळलेल्या चॉकलेटात बुडवून काढायचे. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हा शुद्ध आचरटपणा वाटला होता. पण सोसायटीत एकाही पोराचा वाढदिवस काकूंच्या काडीवरच्या केकशिवाय होत नसे. काकू लाडू वळणाऱ्या घरातल्या, त्यांचा गोळा एकदाच तळव्यावर फिरायचा आणि गोल व्हायचा.

एका सकाळी चहा गाळताना काकूंच्या हातातून पातेली पडली आणि त्यांची उजवी बाजू गेली. पंधरा दिवसांनी हॉस्पिटलमधून परत आल्या तेव्हा उजवा हात मांडीवर ठेवला तर तिथेच राहायचा. बोलणं जड झालं होतं. डॉक्टर म्हणत होते की सुधारणा होईल, डावा हात चांगला आहे, त्यांना कामाला लावा. पण काकूंनी मनच काढून घेतलं होतं. छताकडे बघत पडून राहायच्या. जेवण भरवलं तर जेवायच्या, नाही भरवलं तर मागायच्या नाहीत.

माझ्या मुलीच्या वाढदिवसाची तीस नगांची ऑर्डर मी आधीच त्यांना देऊन ठेवली होती. ती रद्द समजा, हे सांगायला मी गेले. काकांनी दार उघडलं तेच काकूंचा एप्रन बांधून.

"ऑर्डर तिच्या नावाची हाय," ते म्हणाले. "तिच्या घरातनंच जाईल."

आणि मग तो तमाशा सुरू झाला. शनिवारी मला सुट्टी. सुट्टी म्हणजे आठवड्याचं धुणं, निवडणं, मुलीचा अभ्यास. त्यातून तासभर काढून मी त्यांच्या मदतीला जायची. काकांनी पहिल्या शनिवारी गोळे फ्रीझरमधून काढले ते थेट गरम चॉकलेटात बुडवले. एक एक करत सगळे टक्-टक् फुटले. दुसऱ्या शनिवारी काडीचं टोक आधी चॉकलेटात न बुडवता नुसतंच खोचलं. गोळे बाहेर काढताना काडीवरून घसरून पुन्हा चॉकलेटात पडले. ते चमच्यानं बाहेर काढेपर्यंत माझा गाऊन माखला. तिसऱ्या वेळी चॉकलेटच्या वाटीत पाणी गेलं आणि त्याचा चिखल झाला. दर वेळी तोच ओरडा, जमत नाय ओ ताई. मला मनातून राग यायचा. एवढ्या पद्धतशीरपणे चुकणारा माणूस मी ऑफिसातही पाहिला नव्हता, आणि आमचं ऑफिस काही कमी नाही.

फुटलेले गोळे माझ्या घरी यायचे. मुलगी पहिले आठ दिवस खूश होती. पुढे पुढे ताटलीकडे बघूनच तोंड वाकडं करायला लागली. मग मी ते डब्यात भरून ऑफिसात न्यायला लागले.

नवल म्हणजे वाढदिवसाच्या संध्याकाळी आमच्या दारात खोकं आलं, त्यात तीसच्या तीस गोळे आरशासारखे चकचकीत. कोणा बाईकडून करून घेतले असणार, असं मी धरून चालले. बिचाऱ्यांनी अब्रू राखली.

काकूंना व्यायाम द्यायला एक बाई यायच्या. दुपारी चारला आल्या की आतल्या खोलीचं दार लावून घेत आणि पाऊण तासानं उघडत. अशाच एका शनिवारी दुपारी मी त्यांचं पातेलं परत करायला गेले. बाहेरचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत काका ओट्यापाशी उभे होते. गोळा चॉकलेटात गेला, सरळ वर आला, मनगट एकदा वळलं, काडी वाटीच्या काठावर दोनदा टेकली, आणि गोळा काडीसकट थर्मोकोलच्या ठोकळ्यात उभा राहिला. लगेच पुढचा. कुठे थेंब नाही, बुडाशी थर साठलेला नाही. मी मोजत नव्हते, पण पाच-सात मिनिटांत अख्खा थर्मोकोल भरला. त्यांची नजर माझ्याकडे गेली आणि ते चोरी पकडल्यासारखे उभे राहिले.

मला जिन्यावर नेऊन त्यांनी हळू आवाजात सांगितलं. शिरवण्याच्या मागच्या कारखान्यांच्या पट्ट्यातल्या एका कंपनीत ते तीस वर्षं होते, कोटिंगला. पकडींच्या दांड्यांना रबरासारखं लाल आवरण असतं ना, तो दांडा पातळ गरम प्लॅस्टिकात बुडवून काढायचं काम. किती गरम, किती घट्ट, किती वेळ बुडवायचं, कसा झटका द्यायचा. कंपनी बंद पडली आणि ते काम संपलं.

"पकडीचा दांडा काय अन् ह्यो गोळा काय, हात तोच," ते म्हणाले.

मग हे फोडाफोडीचं सोंग कशाला, असं मी विचारलं. माझा आवाज जरा चढलाच असणार, कारण त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"ती आतून एकदा ओरडली पायजे, ताई. असं नाय, तसं करा. तेवढं एकदा ओरडली का ती उठंल. तिच्या कामात कोनी चूक केलेली तिला बघवत नाय."

तुम्ही म्हणाल, यात काय मोठंसं. पण मी जिन्यात उभी होते आणि मला रडू येत होतं, ते खोटं कशाला सांगू. त्यानंतर मी त्या कटात सामील झाले. व्यायामाच्या पाऊण तासात झालेले चांगले गोळे झाकून माझ्या फ्रीजमध्ये यायचे आणि तिथूनच लोकांच्या घरी जायचे. भाजी ठेवायला जागा राहिली नाही. नवऱ्यानं दोनदा विचारलं, मी दोनदा डोळे वटारले.

एका शनिवारी काकांनी पुन्हा फ्रीझरमधला गोळा गरम चॉकलेटात घातला. टक् आवाज झाला. त्यांनी काडी उजेडात धरली आणि तोंड उघडणार तोच आतून जड, घोगरा आवाज आला.

"दहा मिनिटं बाहेर ठेवा आधी."

काकांनी काडी तशीच उजेडात धरून ठेवली. त्यांनी दाराकडे न बघता विचारलं, "काय म्हनलीस?" आतून चिडून तेच पुन्हा सांगण्यात आलं, वर आणखी एक शब्द, "धांदरट." काका गॅसकडे तोंड करून उभे राहिले आणि एप्रननं डोळे पुसले.

पुढच्या पंधरवड्यात काकू वॉकर धरून स्वयंपाकघरात आल्या. खुर्चीत बसून सूचना द्यायला लागल्या. चॉकलेट घट्ट झालंय, चमचाभर तेल घाला. काडी मध्यावर खोचा, कडेला नको. रंग पाण्यातला आहे, तो घालू नका. बोलणं रोज थोडं सुटत गेलं. काका प्रत्येक सूचनेला मान हलवायचे आणि पुढची चूक तयार ठेवायचे. त्या हिवाळ्यात त्या घरात इतकं बोलणं झालं की मला आमच्या घरी आल्यावर शांत शांत वाटायचं.

एक मात्र व्हायचं राहिलं होतं. काकू काडीला हात लावत नव्हत्या. काका रोज एक गोळा काडी खोचून त्यांच्या डाव्या हाताशी ठेवायचे. काकू तिकडे बघायच्याही नाहीत. काम आवरलं की तो गोळा तसाच डब्यात परत जायचा. डॉक्टरांनी सांगितलं होतं, डावा हात वापरला नाही तर तोही आळसावेल. काका सगळं करून पाहत होते. एकदा स्वतःचं बोट भाजलं म्हणून पट्टी बांधून आले. काकूंनी पट्टी बघितली आणि म्हणाल्या, मग आज राहू दे.

मार्च-एप्रिलपर्यंत काका दिसायलाच थकले. पायावर सूज असायची. दाढी दोन-दोन दिवस तशीच. जिन्यात भेटले की कठड्याला धरून उभे राहायचे. मी म्हटलं, काका, आता पुरे, थोडे दिवस ऑर्डर घेऊ नका.

"दिवसाचं सगळं दोनदा करतो मी, ताई," ते म्हणाले. "एकदा चुकीचं, एकदा बरोबर. दमलो." मग म्हणाले, "एकच. डाव्या हातानं एक गोळा बुडवला ना तिनं, का मी सुटलो. मंग चार दिवस निसतं निजनार हाय."

मी हसले. नंतर पुष्कळदा मला वाटलं, तेव्हा हसायला नको होतं.

मे महिन्यात एका सकाळी ते दूध घेऊन आले, पिशवी ओट्यावर ठेवली, खुर्चीत बसले आणि तिथेच गेले. काकूंनी वॉकर जमिनीवर आपटून आपटून आम्हाला बोलावलं. आम्ही पोचलो तेव्हा काहीच करण्यासारखं नव्हतं.

दिवसकार्य झालं. काकूंची बहीण सोबतीला येऊन राहिली. मी मध्ये मध्ये डोकावायची, पण जास्त वेळ थांबवत नसे. त्या घरात चॉकलेटचा वास नव्हता आणि त्या वासाशिवाय मला तिथे काय बोलावं ते सुचायचं नाही.

महिन्याभरानं एका शनिवारी गेले तर वास आला. काकू टेबलापाशी बसल्या होत्या. समोर चॉकलेटची वाटी, बाजूला थर्मोकोल. डाव्या हातात काडी. गोळा बुडवला, वर काढला, काठावर टेकवला. मनगट हवं तसं वळत नव्हतं, तेव्हा काडीच बोटांत फिरवली. थर्मोकोलमध्ये आधीच आठ-दहा उभे होते. एकालाही तडा नव्हता. पहिल्या दिवशी कोणाचे एवढे चांगले होत नाहीत.

मी समोर बसले. म्हटलं, काकू, हे कधीपासून?

"जानेवारीपासून," काकू म्हणाल्या. "हे दुधाला गेले की करून बघायची. पुसून, धुऊन ठेवायची."

मी विचारलंच, काका रोज तुमच्या हाताशी गोळा ठेवायचे, मग त्यांच्यासमोर एकदा तरी का नाही केलात.

काकूंनी काडी खाली ठेवली. "त्यांना सगळं येत होतं. मला काय कळत नव्हतं? तीस वर्षं त्या माणसाचे कोटिंगचे कपडे धुतलेत मी. आणि तुझ्या फ्रीजमध्ये काय असतं तेही ठाऊक होतं."

शब्द जड येत होते, म्हणून त्या थांबून थांबून बोलत होत्या.

"कंपनी बंद झाली ना, तेव्हा हा माणूस दोन वर्षं भिंतीकडे तोंड करून निजला होता. दोन वर्षं. हाक मारली तरी वळायचा नाही. माझा हात गेला आणि उठला. माझ्यासाठी रोज चुकायला लागला. मी बुडवला असता एक गोळा, तर त्याचं काम संपलं असतं. परत निजवू का त्याला?"

त्यांनी वाटीतलं चॉकलेट ढवळलं आणि पुढची काडी घेतली. "मी नाही केलं, म्हणून हे शेवटपर्यंत उभे राहिले," त्या म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं.

मी हो म्हटलं. ते किती दमले होते आणि जिन्यात मला काय म्हणाले होते, हे मी काकूंना सांगितलं नाही.