कव्हर तेवढं नवं

मानवतला माझ्या प्रकाशकांचं पुस्तकांचं दुकान होतं आणि पुस्तकं छापायचेही तेच. न खपलेलं पुस्तक रद्दीत घालणं त्यांच्या जिवावर यायचं. आतली पानं तशीच ठेवून ते खळीनं नवं कव्हर चिकटवत आणि ‘सुधारित आवृत्ती’ म्हणून विकायला ठेवत. निजामाची स्तुती छापलेलं पुस्तक पोलीस ॲक्शननंतर ‘लोकशाहीचे गुणगान’ झालं. आत हुजूर होते तिथंच होते.

माझ्या कविता पडून राहिल्या, तेव्हा त्यांच्यावर ‘मेंढरांचे रोग व उपाय’ हे कव्हर चढलं. मला कळलं तसा मी तणतणत दुकानात गेलो.

“बसा कविराज,” खळीचे हात धोतराला पुसत ते म्हणाले. “तुमचं पुस्तक लय खपायलंय.”

तेवढ्यात पालमकडचा एक धनगर तेच पुस्तक घेऊन दारात आला. आता याची काठी आमच्या पाठीत बसणार, म्हणून मी मागं सरलो.

“मास्तरानं मेंढरांपुढं समदा मंतर म्हणला,” तो हात जोडून म्हणाला. “आजारी व्हती ती चरायलीत. बैलाचा मंतर हाय का?”

त्यांनी शांतपणे माझ्याकडं पाहिलं.

त्या संध्याकाळी मी दौत भरली.