अक्का माझ्याशी हिंदीत बोलते

माझी थोरली बहीण आदिलाबादजवळच्या इचोड्याच्या बाजारात भाजी विकते. गिऱ्हाइकांशी ती तीन भाषांत बोलते आणि कोणाशी कोणती, हे तिचे ठरलेले आहे. आसपासच्या खेड्यांतल्या बायांशी आमची मराठी, हॉटेलवाल्यांशी आणि कचेरीतल्या लोकांशी तेलुगू, आणि हमरस्त्यावर ट्रक थांबवून उतरलेल्या परक्या माणसाशी हिंदी. गेली चार वर्षे ती माझ्याशी हिंदीत बोलते.

हे कसे झाले ते मी क्रमाने सांगणार आहे. ज्या चित्रपटामुळे झाले त्याविषयी पुष्कळ छापून आले, काही माझ्या बाजूने, बरेचसे विरुद्ध. त्या सगळ्या वादात अक्काचा उल्लेख वारंवार झाला, पण तिचे नुकसान नेमके काय झाले हे कोणी विचारले नाही. मीही विचारले नव्हते.

चित्रपटांत येण्यापूर्वी मी बारा वर्षे तलमडुगु मंडलातल्या, म्हणजे तालुक्यातल्या, एका खेड्यात मराठी शाळेवर शिक्षक होतो. पुस्तकातली मराठी आणि मुलांच्या घरची मराठी यांत इतके अंतर होते की मुले वाचायला उभी राहिली की घाबरत. म्हणून मी एक पद्धत बसवली. प्रत्येकाने घरी ऐकलेले एक वाक्य वहीत लिहून आणायचे आणि त्यासाठी चार रकाने आखायचे. कोण बोलले, कोणाला बोलले, काय बोलले आणि त्या वेळी काय घडले होते. चौथा रकाना मुलांना कंटाळवाणा वाटे. मी त्यांना सांगत असे की तो सोडलात तर वाक्य अर्धेच राहते. माझीही एक वही होती. पुढे मुंबईला गेलो तेव्हा ती माझ्यासोबत आली आणि तिच्या जोरावरच मला चित्रपट लिहिण्याचे काम मिळत गेले. लोक म्हणत, याची माणसे खरी बोलतात. ती खरी बोलत, कारण ती खरीच होती.

त्या धंद्यात आमच्या बोलीची जागा ठरलेली असते. वॉचमन, दारुड्या, गावाकडून आलेला भोळा नातेवाईक. नटाने 'करून राह्यलो' म्हटले की प्रेक्षक पुढचे ऐकण्याआधीच हसायला लागतो. मला एक असा चित्रपट लिहायचा होता, ज्याची नायिका मराठी-तेलुगू सीमेवरच्या गावची असेल, आमच्यासारखी बोलेल आणि तिला कोणी हसणार नाही. या इच्छेत खोटेपणा नव्हता, हे आजही मी प्रामाणिकपणे सांगू शकतो.

तो चित्रपट लिहिण्याच्या दोन वर्षे आधी भाऊजी, म्हणजे अक्काचे यजमान, गेले. सकाळी वांग्यांना पाणी द्यायला गेले, मोटारीजवळ टेकले आणि उठलेच नाहीत. दुपारी चार माणसांनी त्यांना बाजेवर घालून आणले. मी मुंबईहून सुट्टीवर अक्काकडे आलेलो होतो. अक्काचा स्वयंपाक झालेला होता. तिने बाजेकडे पाहिले आणि भाऊजींना उद्देशून एक वाक्य उच्चारले. त्याचा अर्थ असा की भाकर निवत चालली आहे, तुम्ही उठा, मी ती कितीदा गरम करायची? तिचे शब्द मी येथे देत नाही. ते एकदा दिले, तेवढे पुरे आहे.

मी भिंतीशी उभा होतो. खिशातून वही काढली आणि ते वाक्य लिहून घेतले, चारही रकान्यांसह.

चित्रपटात मी ते होते तसेच ठेवले. नवऱ्याचे प्रेत समोर आणि बाई भाकरीचे बोलते. नटी पुण्याची होती, पण मेहनती. माझ्याकडून एकेक उच्चार घोटून घेतला आणि वाक्य अगदी बरोबर म्हटले. पहिली प्रत कंपनीतल्या दहा-बारा जणांना दाखवली तेव्हा त्या जागी दोघेजण हसले. त्यांच्या मनात वाईट काही नव्हते. त्यांच्या कानाला तशी सवय होती.

दिग्दर्शकाने दिवे लावायला सांगितले. "सर, ओळ एक नंबर आहे, पण जागा चुकली. मयताच्या वेळी हसू फुटलं तर पिक्चर गेलाच समजा."

"मग काढून टाकू," मी म्हणालो.

"काढताय कशाला? पुढं घ्या ना! नवरा पिऊन पडलाय आणि ही त्याला उठवतेय. हसू दे पब्लिकला पोटभर. आणि नंतर तो खरंच मरतो, तेव्हा ही गप्प. एक शब्द नाही. कसं वाटतंय?"

मला ते चांगले वाटले. रचना म्हणून ते आजही चांगलेच आहे. शेजारच्या खोलीत बसून पंधरा मिनिटांत मी नवा प्रसंग लिहून दिला. वाक्य तेच ठेवले, चौथा रकाना बदलला. भाऊजींनी आयुष्यात दारूला हात लावला नव्हता, हे लिहिताना मला आठवले होते. मी स्वतःला समजावले की हे पात्र आहे, भाऊजी नव्हेत.

वाक्य गाजले. लोक फोनवर त्याच्या छोट्या चित्रफिती करू लागले. बायका झोपलेल्या नवऱ्यावर म्हणत, नवरे बायकांची नक्कल करत. वरातीत वाजंत्रीवाले ते मध्येच लावत. मग विरोध सुरू झाला. आमच्याच भागातल्या काही लोकांनी म्हटले की या माणसाने आपल्या बोलीची चेष्टा केली, आपले पुरुष दारुडे आणि बाया कजाग दाखवल्या. दोन-तीन ठिकाणी फलकांना काळे फासले. एका वृत्तवाहिनीने मला चर्चेला बोलावले आणि तेथे समोरचे गृहस्थ म्हणाले, "असं आमच्याकडं कोणीच बोलत नाही. हे यांनी मुंबईत बसून रचलंय."

मला बाकी सारे आरोप सहन झाले असते, हा झाला नाही. शिक्षकाच्या विधानावर कोणी शंका घेतली की तो आधार दाखवतो. मीही दाखवला. म्हणालो, रचलेले नाही. माझ्या सख्ख्या थोरल्या बहिणीने नवऱ्याच्या प्रेतासमोर हे वाक्य उच्चारले. मी तेथे हजर होतो आणि त्याच दिवशी ते मी लिहून घेतले.

परतताना गाडीत मला समाधान वाटत होते, कारण माझे म्हणणे बिनचूक होते.

पुढच्या बाजाराच्या दिवसापर्यंत इचोड्यात सगळ्यांना कळले की ते वाक्य अक्काचे आहे, आणि मग चित्रपटातला दारुडा नवराही तिचाच ठरला. फटफटीवरून जाणारी पोरे अक्काच्या दुकानापुढे वेग कमी करून विचारत, "मावशी, भाकर गरम हाये का थंडी?" हे तिने झेलले असते. ती बाजारातली बाई आहे, उत्तर देणे तिला जमते. पण ज्या बाया तिची कीव करायला आल्या, त्यांचे बोलणे तिला झेलता आले नाही. एकजण मेथीची जुडी हातात घेऊन हळूच म्हणाली, "बाई, तुहा मालक पीत होता, आमाले कदी समजलं नाही वो. किती सोसलं तू!"

हे मला अक्काच्या सुनेने फोनवर सांगितले. अक्का त्या बाईला म्हणाली होती की माझा मालक पीत नव्हता. बाईने मान डोलावली होती, नवऱ्याची अब्रू झाकणाऱ्या विधवेसमोर कोणीही डोलावते तशी.

मी तातडीने गावी गेलो. एरवी मला पाहताच अक्का लांबूनच ओरडत असे, "काऊन रे मास्तर, मुंबईत भाजी भेटत नाही काय? पार वाळून राह्यला!" लहानपणी मी भिंतीवर कोळशाने लिहून तिला शिकवीत असे, तेव्हापासून तिने मला 'मास्तर' केले होते. त्या दिवशी मी दुकानापुढे उभा राहिलो. तिने वर पाहिले.

"क्या होना साब?"

मला वाटले, थट्टा करते आहे. मी हसलो. "अक्का, मी आलो."

"हां, मालूम. भेंडी ताजा है. बैंगन कल का है."

शेजारी लसूण घेऊन बसलेली म्हातारी खो-खो हसली. "अवो बाई, भाऊ हाये ना तुहा! ट्रकवाल्यासारकी काय बोलतं त्याच्याशी?"

"हाये ना," अक्का तिच्याकडे वळून म्हणाली. "मोठा मानूस हाये तो. मोठ्या मानसाशी हिंदीत बोलाव लागते."

मी सवयीप्रमाणे दुरुस्तीचे उपाय एकामागून एक केले. निर्मात्याला भेटून ते वाक्य काढायला सांगितले. तो म्हणाला, "सर, लोक त्या ओळीसाठीच पिक्चर बघतात." वर्तमानपत्रात निवेदन दिले की माझे मेहुणे निर्व्यसनी होते आणि चित्रपटातला प्रसंग काल्पनिक आहे. ते निवेदन छापताना त्यांनी वर मोठ्या अक्षरांत तेच वाक्य घातले. ज्यांना भाऊजी ठाऊक नव्हते, त्यांनाही आता ठाऊक झाले. प्रत्येक खुलाशाने नुकसान वाढत गेले. तेव्हा मी खुलासे थांबवले आणि अक्काला सरळ विचारायचे ठरवले.

दुपारची वेळ होती. ती घरी ओसरीवर पालक निवडत होती. मी म्हणालो, "अक्का, मला शिव्या दे. दोन थोबाडीत मार. पण आपल्या बोलीत बोल."

तिने निवडणे थांबवले नाही. बाजारातल्या त्या हिंदीत, जिच्यात आजवर तिने फक्त भाव सांगितला होता, ती म्हणाली, "उस दिन मैं देखी तुमको. दीवार के पास खडे होके लिख रहे थे. मैं समझी, रिश्तेदारों को खबर देना है, उनके नाम लिख रहे. अच्छा लगा मेरे कू. सोची, घर में एक पढा-लिखा आदमी है, सब देख लेगा."

मंचेरियलला राहणाऱ्या भाऊजींच्या बहिणीला त्या दिवशी निरोप गेला नव्हता. ती दुसऱ्या दिवशी कोणाकडून तरी कळून पोचली, तेव्हा भावाचे तोंड पाहायला उरले नव्हते. निरोप का गेला नाही, हे घरात कोणाला सांगता आले नव्हते. आता समजले. मला लिहिताना सगळ्यांनीच पाहिले होते आणि प्रत्येकाने धरून चालले होते की ते काम मास्तरने घेतले आहे.

"अपनी बोली में बोली तो तुम फिर लेके जाते," अक्का म्हणाली. "हिंदी लेके जाव. वो मेरी नहीं है."

त्यानंतर मी चित्रपटासाठी काही लिहिले नाही. लोकांनी त्याचा अर्थ वादाला घाबरला असा घेतला. मी तो खोडला नाही. आदिलाबादेत खोली घेऊन राहतो. बाजाराच्या दिवशी इचोड्याला जातो, अक्काकडून भाजी घेतो. ती नीट तोलून देते, 'और क्या?' विचारते. घरी गेलो तर जेवायला वाढते. हिंदीत आग्रह होत नाही, हे मला या वयात कळले.

गेल्या महिन्यात दवाखान्यात तिच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. डोळ्यावर पट्टी होती आणि डाव्या डोळ्याने तिला आकृतीपलीकडे दिसत नाही. सून तिच्याजवळ होती. ती औषधे आणायला खाली गेली, तेवढ्यात मी पोचलो. चपला दाराशी काढल्या आणि खाटेजवळच्या स्टुलावर बसलो. स्टूल सरकल्याचा आवाज झाला. अक्काला वाटले, सून आली.

ती बोलू लागली. आमच्या मराठीत, घाई न करता, पडल्या पडल्या. भाऊजींविषयी बोलत होती. मी चार वर्षे हा आवाज ऐकला नव्हता. म्हणजे बाजारात गिऱ्हाइकांशी भावापुरता ऐकला होता, पण तो तिच्या स्वतःच्या, निवांत बोलण्यात कसा खाली-वर होतो, मध्येच कसा थांबतो, ते विसरत चाललो होतो. चार-पाच वाक्ये झाली. मी गप्प राहिलो असतो तर ती आणखी बोलली असती. सून यायला वेळ होता.

ते बोलणे माझ्यासाठी नव्हते. सहावे वाक्य सुरू होताना मी म्हणालो, "अक्का, मी आहे."

ती थांबली. पट्टीवर हात नेला, पुन्हा खाली घेतला. मग म्हणाली, "पानी दो."

मी पेला तिच्या हातात दिला आणि तिची बोटे त्याच्याभोवती नीट बसेपर्यंत धरून ठेवला. तेवढ्यात सून पिशवी घेऊन वर आली. दारातल्या चपला पाहून "कोन आलं वो, मामी?" असे सासूला विचारत ती आत शिरली आणि मला पाहून पिशवी घेऊन तशीच उभी राहिली. त्या दोघींना बोलता यावे म्हणून मी उठलो, बाहेर आलो आणि जिन्याजवळच्या बाकावर बसलो. तेथून आत काही बोलणे चालू आहे एवढे कळत होते, शब्द कळत नव्हते.