दोन फोल्डरं, एकच नंबर

बाबांच्या घशाचं ऑपरेशन ठरलं तेव्हा डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, आवाज राहणार नाही. स्टील प्लँटमधून रिटायर झालेले बाबा विहारात भीमगीतं म्हणायचे. ऑपरेशनआधीच्या तीन दुपारी मी त्यांना फोनवर रेकॉर्ड करून घेतलं. गाणी होती, आणि मधेच चहासाठी आईला मारलेली हाक.

फोन भरला, म्हणून ते सगळं जुनवानीतल्या आमच्या ऑफिसच्या सर्व्हरवर टाकलं. सर्व्हर मीच सांभाळायचो, आणि त्याचा मला नको तितका माज होता. त्यावरची दोन फोल्डरं नेटवर्कवरून ऑफिसातल्या सगळ्यांना खुली केली होती. एक चार डिस्क जोडून केलेलं, कायमचं. दुसरं नुसतं मेमरीत, वीज गेली की रिकामं. एरवी सर्व्हर फोल्डर ओळखतो ते खालच्या डिस्कवरून. इथे एकाखाली चार आणि दुसऱ्याखाली एकही नाही, म्हणजे ओळख सांगणारी स्वतःची अशी एक डिस्क दोघांकडेही नव्हती, म्हणून प्रत्येकाला वेगळा नंबर हाताने द्यावा लागतो. मी घाईत सेटिंगच्या फाइलमधली एकाची ओळ उचलून दुसऱ्यासाठी चिकटवली. नाव बदललं, नंबर तोच राहिला.

झालं, सर्व्हरची गल्लत झाली. कायमच्या फोल्डरात टाकलेलं सगळं मेमरीत जाऊन पडत होतं. मी उघडून ऐकलं, नीट वाजलं. मग फोनमधून पुसून टाकलं. सगळ्यांना दुसरी कॉपी ठेवायला बजावणारा मी, स्वतः ठेवली नाही.

फोनमधून पुसल्यावर चौथ्या दिवशी लाइट गेली आणि थोड्या वेळाने यूपीएसनेही मान टाकली. सर्व्हर पुन्हा सुरू केला तेव्हा फोल्डर रिकामं होतं. बाबांचं ऑपरेशन आदल्या दिवशीच झालं होतं.

ते घरी आल्यावर मी त्यांना सगळं सांगितलं आणि रडलो. त्यांनी पाटी ओढून लिहिलं, 'मायले नको सांगू.'

तेव्हापासून आई विचारते, "गाणे कधी आणून राहिला तू?" मी म्हणतो, "ऑफिसात आहेत, आणतो." बाबा मान डोलावून माझ्या खोट्याला हातभार लावतात. त्याचाच मला जास्त त्रास होतो.

परवा भाजी निवडता निवडता ती म्हणाली, "लवकर आण बाबू. तुह्या बाबाचा आवाज मले आता नीट आठवून नाही राहिला."

बाबा शेजारीच बसले होते.