मक्त्याचं वावर

नवऱ्याचं नाव घेतलं तर सासू डोळे वटारे. आता सासू नाई अन् नवराबी नाई, म्हणून घेते. पुंजाराम. अमरावतीच्या कचेरीत चपराशी होते. बोलणं कमी, अन् जिद्द अशी की एकदा डोक्यात बसलं का काई केल्या हलायचं नाई.

आमचं वावर अकोल्याकडे, बोरगावले. एका साली धुऱ्यावरून, वावराच्या बांधावरून, भांडण झालं, भावकी लाठ्या घेऊन आली, तवा दोस्त महादेवराव एकटा माया नवऱ्याच्या बाजूनं उभा रायला. त्या उपकारात याईनं वावर त्याले मक्त्यानं देऊन टाकलं, म्हणजे कसायचं त्यानं अन् मालकी आमची. आमी नोकरीपायी अमरावतीले आलो. मक्ता म्हणून पोतंभर जवारी यायची, तीबी वर्षावर्षाले हलकी होत गेली. मी म्हणो, हा तुमचा दोस्त हाये का जावई? तर हे म्हणत, दोस्ताले इचारनं बरं नाई. माया जीव जळे.

वऱ्हाडाचंबी तसंच होतं म्हणा. धनी हैदराबादचा निजाम अन् इंग्रज त्याचा दोस्त. दोस्तानं मदतीले फौज देली, फौजेच्या खर्चापायी वऱ्हाड हाताखाली घेतलं, मंग कायमच्या मक्त्यानं ठेवूनच घेतलं अन् नागपूरकडच्या मुलखाले जोडून देलं. कोर्ट इंग्रजाचं, पोलीस इंग्रजाचे. निजामाच्या वाट्याले सालातून एक दिवस. त्याच्या वाढदिवसाले अमरावतीत त्याचा पिवळा झेंडा चढे, तोफा सुटत. झेंड्याच्या मधात पांढरा गोल. आमी बाया त्याले पोळीचा झेंडा म्हणो.

एका वाढदिवसाले हैदराबादहून निजामाचा एक मोठा माणूस, शेरवानीवाला, पाव्हणा म्हणून आला होता. गावात स्वराज्यवाल्याईच्या सभा चालू, म्हणून पोलीसबी दुप्पट. चपराश्याईच्या बाया बत्ताशासाठी झेंड्याच्या काठीजवळच्या फाटकापाशी उभ्या होत्या, त्यात मी. तोफ सुटली, याईनं दोन्ही झेंडे चढवले, अन् मी वर पायलं. पोळीचा झेंडा काठीच्या टोकाले, अन् इंग्रजाचा त्याच्याहून हातभर खाली बांधलेला.

टाळ्या थांबल्या. इंग्रज साहेबाचं तोंड लालबुंद झालं. हेडक्लार्क मोरोपंत धावतच याईच्यापाशी आले. भला माणूस. हळूच सांगून राहिले होते का दोर सरकला म्हण, बाकीचं मी पाहून घेतो. साहेबानं मोरोपंताच्याच तोंडून मराठीत इचारलं का हे तुले कोण्या स्वराज्यवाल्यानं शिकवलं. दोन शिपाई याईच्या बाजूले येऊन उभे रायले. मी फाटकाची सळई घट्ट धरली. नोकरी गेली तर खायाचं काय? वावर तर महादेवरावाच्या घशात. मनात म्हणो, बोला ना वो, दोर सरकला म्हणा अन् सुटा.

हे म्हणाले, "कोणी नाई शिकवलं साहेब. मालकाचा वर, मक्तेदाराचा खाली. आमच्यात असंच असते."

मोरोपंतानं डोळेच मिटून घेतले. साहेबाले इंग्रजीत सांगावं तर लागलंच. दोस्ताचा वाढदिवस, दोस्ताचा पाव्हणा समोर, साहेब त्याचा झेंडा उतरव म्हणनार कसा? तो पाव्हण्याकडे पाहाले लागला, मंग सारेच पाहाले लागले. मले वाटलं, आता हा शेरवानीवाला याईची पाठ थोपटते. त्याच्याच राजाचा मान ठेवला होता ना?

पाव्हणा गोड हसला. "हमारा झंडा नीचे ले लो भाई," तो म्हणाला, "दोस्ती में ऊँच-नीच कैसी?"

याईनं दोर सोडला. झेंडा उतरवून दुसऱ्याच्या बराबर आणला अन् गाठ माराले लागले. पाव्हण्यानं एकदा साहेबाच्या तोंडाकडे पायलं, अन् बोटानं खूण केली. अजून थोडा खाली. पोळीचा झेंडा इंग्रजाच्या खाली गेला तवा बँड सुरू झाला.

संध्याकाळी नोकरी गेली. घरी मी तोंडाले येईल ते बोलली, रडलीबी. सकाळी उठून हे म्हणाले, चाल, बोरगावले.

महादेवराव आमच्या वावरात वखर हाकून राहिला होता. आमाले पाहून मोठ्या मायेनं हसला. या पाव्हणे, म्हणे, बसा निंबाखाली, च्या सांगतो. तो निंब माया सासऱ्यानं लावलेला. हे बसले नाईत. वावर पाहिजे म्हणाले. तर महादेवराव म्हणे, काहून बा, पोतं पाठवतो ना मी? आपल्या दोस्तीत आता वावर कुठून आलं? अन् तसाच गोड हसला. मले तो कालचा शेरवानीवालाच दिसला.

हे चपला काढून वखरलेल्या मातीत उतरले अन् वखराची मूठ धरली.

"मी पाव्हणा नाई, महादेवराव. बैल सोड."

त्यानं लय वेळ मूठ सोडली नाई. धुऱ्यावर लोक जमले. मले वाटलं आता लाठ्या निघतात. मंग त्यानंच बैल सोडले, अन् मागं न पाहता निघून गेला. मरेपर्यंत आमच्या घरच्या कोणाशी बोलला नाई.

याईले त्याचं वाईट वाटे. कधी जेवता जेवता हात थांबे. मी इचारलं तर म्हणत, "दोस्त गेला, पारबते. वावर रायलं."