खिडकीतून आलेले अर्धे तिकीट

बाईंच्या वर्गात शिरणाऱ्याची नजर प्रथम खिडकीवर जाते. या खोलीत पूर्वी त्या टंकलेखन शिकवीत असत. यंत्रे भंगारात गेली तेव्हा बाईंनी हात टेकले, असे लोकांना वाटले. परंतु पन्नाशी उलटल्यावर त्या सख्ख्या भाचीपुढे विद्यार्थिनी होऊन बसल्या, जावा ही संगणकाची भाषा शिकल्या आणि त्याच बाकांवर नवशिक्यांना ती शिकवू लागल्या. वर्ग व स्वयंपाकघर यांच्या मधल्या भिंतीत चहाचे कप सरकवण्याची एक खिडकी होती. तिलाही त्यांनी कामाला लावले.

कोणाचा प्रोग्रॅम अडला की बाई उत्तर सांगत नाहीत. त्या थोरल्या बहिणीला हाक मारतात. ताई खिडकीपलीकडे उभ्या राहतात. त्या म्हणजे मेथड, अर्थात प्रोग्रॅममधील एक ठरलेले काम करून देणारा भाग. अलीकडून चिठ्ठीवर आकडे द्यायचे आणि पलीकडून काय हाती येते ते पाहायचे. काय येईल, त्याचा प्रकार चौकटीवर खडूने आधीच लिहिलेला असतो. ताईंना जावातले ओ की ठो कळत नाही. म्हणूनच त्या लिहिल्याबरहुकूम वागतात.

त्या दिवशी कंडक्टरांचे घोडे अडले होते. हे निवृत्त बस कंडक्टर. त्यांची लेक परगावी हेच प्रोग्रॅम लिहिण्याचे काम करीत असे. ती कामाविषयी बोलू लागली की त्यांना नुसते "हं, हं" करण्यावाचून गत्यंतर नसे. आज दुपारी तिचा व्हिडिओ कॉल येणार होता आणि आपला चालता प्रोग्रॅम दाखवण्याचा शब्द ते देऊन बसले होते.

"बाई, आज नाही जमलं, तर माझा रामराम घ्या. लेकीपुढे शोभा नको."

इतका मन लावून शिकणारा विद्यार्थी बाईंना गमावायचा नव्हता. तरीही त्यांनी चेहरा कोरा ठेवला.

"ताई, जरा ये गं!"

"भांडी तुझ्या संगणकात घासून मिळतात का?" असे म्हणत ताई आल्या.

प्रोग्रॅम तिकिटांचा होता. मुलाचे अर्धे तिकीट. एका कुटुंबाची तिकिटे मेथडने काढायची, मग तशाच दोन कुटुंबांची बेरीज करायची. कंडक्टरांनी मेथडपुढे 'व्हॉइड' लिहिले होते, म्हणून बाईंनी चौकटीवर लिहिले, 'काहीही परत मिळणार नाही'. चिठ्ठी आत गेली : दोन मोठी माणसे, एक मूल.

"अडीच!" ताई मनाशी हिशेब करून ओरडल्या आणि भांड्यांकडे वळल्या.

"आलं की उत्तर!" कंडक्टर खूश झाले.

"कुठं आलं? हात दाखवा."

"सगळ्यांनी ऐकलं ना!"

"ऐकलं. आता दुसरं कुटुंब कशात मिळवणार? ताईच्या आवाजात?"

"माझ्या आवाजाला नावं ठेवाल, तर चहा बंद!" आतून दम आला. वर्ग हसून लोटपोट झाला.

बाई म्हणाल्या, "कंडक्टर, बसमध्ये तुम्ही नुसतं भाडं पुकारलंत आणि तिकीट दिलंच नाहीत, तर तपासनिसाला प्रवासी काय दाखवेल?"

कंडक्टरांनी कपाळावर हात मारला. "अरे देवा, तिकीट फाडायचंच राहिलं!"

त्यांनी उत्तर नुसते पडद्यावर छापण्याऐवजी परत द्यायची ओळ लिहिली आणि 'व्हॉइड'च्या जागी पूर्ण संख्येचा प्रकार, 'इंट' घातला. प्रोग्रॅम चालला. पडद्यावर आले : चार.

"अडीच न् अडीच पाच! पोरं कुठं गेली?"

"तुमच्या बसमध्ये अर्ध्याला जागा आहे का?" बाईंनी विचारले.

त्यांनी मेथडचा आणि बेरजेचा प्रकार बदलून दशांश संख्येचा, म्हणजे 'डबल' केला. उत्तर आले : चार पूर्णांक शून्य.

"जागा झाली हो," बाई म्हणाल्या, "पोरं अजून थांब्यावरच उभी आहेत."

कॉलची वेळ होत आली होती. चुकीच्या ओळीवर बोट ठेवण्यासाठी बाईंचा हात शिवशिवत होता. त्यांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले. "अर्धं नक्की कुठं हरवतं? खिडकीत, की आत स्वयंपाकघरात?"

कंडक्टर एकेक ओळ पुटपुटत वाचू लागले आणि एकाएकी ताठ झाले.

"आतच! मुलं मी इंटमध्ये घेतलीत. एकाचे दोन भाग केले की मशीन अर्धं टाकून देतं, उरतं शून्य. मग खिडकी मोठी करून काय उपयोग?"

मुलांचा प्रकार 'डबल' झाला. पाच पूर्णांक शून्य! टाळ्या थांबायच्या आत फोन वाजला.

लेकीने पडद्यावरचा प्रोग्रॅम बारकाईने पाहिला. "बाबा, मुलांना डबल का?"

"अगं, नाहीतर पोरं खालीच राहतात!"

ती मनापासून हसली. मग म्हणाली, "माझंही एक काम सकाळपासून अडलंय. एक मेथड आहे..."

बाईंनी कान टवकारले. कंडक्टरांनी "हं, हं" केले नाही. ते खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "थांब. ती परत काय देते, ते आधी सांग."

खिडकीत कप वाजला. "चहा!" ताई ओरडल्या. "हातात घ्या, नुसतं ऐकू नका!"