राक्षसांची भाऊबंदकी, भाग दुसरा

साखरपुड्यानंतर होणाऱ्या बायकोला मी पहिला जो सिनेमा दाखवला, त्यात नायिका नव्हती. नायकही नव्हता. परग्रहावरचे दोन जातींचे राक्षस होते, आणि आपलं आकाश सोडून ते पृथ्वीवर येऊन एकमेकांना फाडत होते.

मी तेव्हा शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत सुपरवायझर होतो. तापलेल्या लोखंडाचा रस साच्यात पडायला लागला, की मला त्यात सुरेखाचा चेहरा दिसायचा. (एकदा त्या नादात अख्खा माल पोकळ निघाला, तेव्हा मालकांनी माझ्या वडिलांना लग्न जरा लवकर उरकायला सांगितलं.) सुरेखा हुपरीची. तिच्या घरात सगळेच चांदीची पैंजणं करायचे. तिच्याबरोबर कोल्हापुरात दुपारचा खेळ बघायचा, एवढंच माझं स्वप्न होतं. त्यात अंधार होता, मंद गाणं होतं, आणि माझ्या हातात तिचा हात होता. तिचे वडील त्यात नव्हते. ते एसटीतून तिच्या मागोमाग उतरले.

मी त्यांना मामा म्हणायचो. पोरीला एकटीला कसं सोडायचं म्हणून आलो, असं ते म्हणाले. मामा तसे प्रेमळ, पण थोरल्या भावाशी सामाईक विहिरीवरून त्यांचं वाजलेलं. बोलणं कैक वर्षं बंद. त्या भावाला लग्नाचं आमंत्रणसुद्धा द्यायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. सुरेखा लहानपणी त्याच थोरल्या काकांच्या खांद्यावर बसून जत्रा फिरलेली, त्यामुळं लग्नाचा विषय निघाला की तिचे डोळे भरायचे.

मी ठरवलेला गाण्यांचा सिनेमा हाऊसफुल्ल होता. शेजारच्या टॉकीजच्या पोस्टरवर निळंभोर आकाश आणि चांदण्या होत्या. खालचा भाग पानवाल्याच्या छत्रीनं झाकला होता. मी म्हटलं, चांदण्यांचा सिनेमा म्हणजे प्रेमाचाच असणार.

आत मामा आमच्या दोघांच्या मधोमध बसले, मांडीवर टॉवेल टाकून. पडद्यावर आकाशातून एक यान कोसळलं, त्यातून काहीतरी लाळ गाळत बाहेर आलं, आणि नावाखाली अक्षरं उमटली : भाग दुसरा.

"पावणं," मामा कुजबुजले, "पयल्या भागात काय झालतं?"

मला काय माहीत? पण होणाऱ्या सासऱ्यापुढं 'माहीत नाही' म्हणवेना. मी सांगून टाकलं, की हे दोघे मुळात सख्खे भाऊ. त्यांच्या वडिलांनी एका ताऱ्याची वाटणी केली, पण मधली विहीर सामाईक ठेवली. तिथून सगळं बिनसलं. विहीर माझ्या तोंडून का निघाली, देव जाणे! (ताऱ्यावर विहीर कशी, असं मामांनी विचारलं नाही.) ते खुर्चीत सरळ झाले. यातला थोरला कोणता, असं त्यांनी फार गंभीरपणे विचारलं. मी जबड्यातून आणखी एक जबडा निघणाऱ्याकडं बोट दाखवलं.

"वाटलंच मला," मामा म्हणाले.

मध्यंतरात मामा चहाला गेले. मी सुरेखाला हळूच म्हटलं, की दिवे गेले की तू मधल्या खुर्चीवर सरक. ती लाजली, हसली आणि तिनं मान हलवली. मी हवेत तरंगतच भडंग आणायला गेलो. गर्दीत वेळ गेला, आणि परत आलो तेव्हा सिनेमा सुरू झाला होता. अंधारात चाचपडत मी माझ्या खुर्चीवर बसलो. मधली खुर्ची भरलेली होती. लाजून मी तिकडं मान वळवलीच नाही.

तेवढ्यात छतावरून राक्षस कोसळला. माझा हात आपोआप शेजारी गेला आणि तिथल्या हातानं तो घट्ट धरला.

पुढचं मला स्वप्नासारखं आठवतं. पडद्यावरचा निळा उजेड वरून धुक्यासारखा उतरत होता. गाव जळत होतं, पण मला त्या ज्वाळा दूरच्या दिवाळीसारख्या दिसत होत्या. राक्षसांचं हिरवं रक्त काजव्यांसारखं चमकत होतं. हातातला हात उबदार होता, जरा खरबरीत. चांदी तापवून तापवून असा झाला असणार, मला भरून आलं. या हाताला मी सुखात ठेवणार, आमचं छोटं घर असणार, दारात जास्वंद असणार. राक्षस ओरडला की हाताची पकड आवळायची. केवढा हा विश्वास! मी अंगठ्यानं हात हलकेच कुरवाळला आणि पुटपुटलो, "घाबरू नकोस, मी आहे."

"व्हय की पावणं," अंधारातून घोगरा आवाज आला, "पर सोडू नगा."

मी सोडला नाही. सोडायची सोयच नव्हती, माझी बोटं बधिर झाली होती. दोन्ही राक्षस एकमेकांना मारून पडले, ओस गावावर धूर तरंगत राहिला आणि दिवे लागले, तोपर्यंत आम्ही तसेच बसलो होतो.

बाहेर ऊन होतं. मामांनी टॉवेलानं तोंड पुसलं. मग म्हणाले, "दोघांच्या भांडणात गाव गेलं की वो. हिरीचं तर कुणी नावबी काढलं न्हाय."

त्या संध्याकाळी हुपरीला उतरल्यावर ते घरी न जाता थोरल्या भावाच्या दारात गेले आणि एवढंच म्हणाले, "दादा, सुरेखाचं लगीन हाय. तू ये." थोरले आतून उठून आले आणि त्यांनी मामांना पोटाशी धरलं. सुरेखा मागं उभी राहून रडत होती. हळदीला हे थोरले काका सगळ्यांच्या आधी आले. मला बाजूला घेऊन त्यांनी विचारलं, की तो पहिला भाग कुठं बघायला मिळेल.

लग्नानंतर एकदा मी सुरेखाला विचारलं, की त्या दिवशी ती मधल्या खुर्चीवर का सरकली नाही. ती सरकणारच होती, पण तेवढ्यात मामा येऊन बसले. मग मी हात धरला, कुरवाळला, ते तिला दिसलं नाही का? पडद्याच्या उजेडात सगळं लख्ख दिसत होतं, म्हणाली.

"मग मला सांगायचं नाही का?"

"कशाला सांगू? एका तिकिटात दोन पिच्चर बघायला मिळत हुती," सुरेखा म्हणाली. "आन् खरं सांगू? तुमचाच जास्त भयानक हुता."