मार्गशीर्षातला तिळगूळ

माझ्या तिळाच्या लाडवाने एका सुभेदाराचा दात पडला. सैन्यात माझ्या नावावर जमा झालेली ही पहिली कामगिरी.

गोष्ट नव्वदच्या दशकातली. मी लेफ्टनंट, मिलिटरी नर्सिंग सर्व्हिस. पोस्टिंग लडाखमधल्या एका छोट्या हॉस्पिटलात. खांद्यावर दोन तारे आणि डोक्यात त्याहून जास्त चांदण्या. सूर्य खरा वळतो तो एकवीस डिसेंबरच्या सुमारास, मग संक्रांत जानेवारीत कशाला, असं वसईला आईला सुनावून मी सुट्टीवरून परतताना लाडवांचा डबा भरून नेला.

"मार्गशीर्षात तिळगूळ? लोक हसतील गं," आई म्हणाली.

कोणी हसलं नाही. लाडू गोठून दगड झाले होते. सुभेदार बलकार गालावर हात धरून एवढंच म्हणाले, "मॅडमजी, ये मिठाई है या अम्युनिशन?"

त्या आठवड्यात खालच्या गावात लोसरचे, लडाखी नववर्षाचे दिवे लागले होते. आमचा श्रीनगरचा क्लार्क म्हणायचा, एकवीसच्या रात्रीपासून चिल्लई कलान, चाळीस दिवस थंडीचं राज्य. सुभेदारांना लोहडीची आग आठवायची. सूर्य परतावा म्हणून जो तो आपापल्या गावी काहीतरी पेटवत होता. आम्ही बुखारीभोवती, म्हणजे रॉकेलच्या शेगडीभोवती बसायचो आणि घरचा विषय टाळायचो.

नायक हरेश मात्र टाळायचा नाही. नर्सिंग असिस्टंट, आमच्या वसईजवळच्या अर्नाळ्याचा.

"आमच्याकडं पेटवत नाय काय, मॅडम. आय ओट्यावर बसून सूर्व्या बघते."

हिवाळ्यात सूर्य अर्नाळ्यासमोरच्या बेटावरल्या किल्ल्याच्या पार डावीकडे, मोकळ्या समुद्रात बुडतो. मग रोज थोडा थोडा उजवीकडे सरकत मे अखेरीला किल्ल्यावर येतो. तेव्हा पावसाळ्याआधी होड्या वाळूवर ओढायच्या असतात. हरेश त्याच वेळी सुट्टी घ्यायचा.

"सूर्व्या किल्ल्यावर आला का पोरगा आला. आयचं कॅलेंडर."

दोन दिवसांनी त्याची ड्यूटी फॉरवर्ड पोस्टवर लागली. उरलेले लाडू मी त्याच्याबरोबर दिले.

"वर दगड काय कमी हायत, मॅडम?" म्हणाला आणि डबा सॅकमध्ये टाकला.

एकवीस तारखेला दुपारी रेडिओवर मेसेज आला. हरेशला श्वास घेता येत नव्हता. उंचीमुळे फुफ्फुसात पाणी. उपाय एकच, त्याला लगेच खाली आणणं. हवामान दुपारभर खराब होतं. ते उघडलं तेव्हा हेलिकॉप्टर निघालं. आमचे मेजर डॉक्टर रेडिओ सेटजवळ उभे होते.

"लाइट किती उरलाय?"

"कमी आहे, सर," मी म्हणाले.

पायलट खिंडीपर्यंत पोहोचला. मग आवाज आला, "नो लाइट. रिटर्निंग टू बेस. विल ट्राय ॲट फर्स्ट लाइट. ओव्हर."

मेजरांनी माइक माझ्या हातात दिला. "मराठीत बोला त्याच्याशी."

"हरेश, उजाडताच येतायत. मास्क काढू नकोस."

"मॅडम... आय बघत असंल आता. पार डावीकडं."

"उद्यापासून उजवीकडे यायला लागेल. ऐकतोयस ना?"

"रॉजर."

आमच्याकडे अंधार पडला होता. अर्नाळ्यात अजून तासभर उजेड होता.

हेलिकॉप्टर उजाडताच पोहोचलं. हरेश त्याआधीच गेला होता. वर्षातला सर्वांत लहान दिवस साजरा करायला मी डबाभर लाडू नेले होते. तो किती लहान असतो, ते मला माहीत नव्हतं.

जानेवारीत सुट्टी मिळाली. संक्रांतीला, आईच्या तारखेला, आईनेच केलेले लाडू घेऊन मी अर्नाळ्याला गेले. बोंबील वाळत होते. हरेशची आय ओट्यावर बसली होती. मी शेजारी बसले. डबा उघडून पुढे केला. तिने एक लाडू बोटाने दाबून पाहिला आणि तसाच परत ठेवला. सूर्य बुडेपर्यंत आम्ही दोघी त्याच्याकडे बघत बसलो. तो किल्ल्यापासून अजून खूप लांब होता.

वसईच्या एव्हरशाईन वसाहतीतली माझी नातवंडं विचारतात, आजी, मे संपताना दरवर्षी अर्नाळ्याला कशाला जातेस? हरेशची आय जाऊनही बरीच वर्षं झाली. आता त्या ओट्यावर मी एकटीच बसते, नायक हरेशच्या वतीने. पोरांना मी तिचे शब्द सांगते. त्या संक्रांतीच्या संध्याकाळी अंधार पडल्यावर ती म्हणाली होती:

"लाडू नको आनू गं बाय, चारच दात ऱ्हायलेत माझे. पन सूर्व्या किल्ल्यावर आला का तू ये. यंदा मला एकटीला नाय बघवायचा."